‘बॅटरी नवीन टाकलीय सर’: जुन्या हायब्रीड गाडीत मी कसा फसवला गेलो

जुनी गाडी घेताना आपण इंजिनचा आवाज ऐकतो, टायर बघतो, पत्र्याला कुठे पुट्टी भरलीय का ते टकटक करून पाहतो. हायब्रीड गाडीत, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेल्या गाडीत, फसवणारा या कशालाही हात लावत नाही. तो गाडीच्या कॉम्प्युटरमधली फॉल्टची नोंद पुसतो आणि मागच्या सीटमागच्या मोठ्या बॅटरीला ठिगळ लावतो. बाकी गाडी खरंच चांगली असते, म्हणून तर सौदा होतो.

माझी गाडी २०१५ ची टोयोटा कॅमरी हायब्रीड. ही गाडी २०१३ पासून बंगळुरूजवळ बिडदीला जोडली जायची. नवी असताना तीस लाखांच्या घरात होती, मला पुण्यात नऊ लाखांच्या आत मिळाली. विचार असा होता की एकदाच घ्यायची आणि सात-आठ वर्षं वापरायची. या गाडीत वेगळा स्टार्टर नाही, अल्टरनेटर नाही. वेग कमी करताना मोटरच बरीचशी ब्रेकचं काम करते, त्यामुळे ब्रेक पॅड टिकतात. ट्रॅफिकमध्ये बाकीच्या गाड्या पेट्रोल पितात, तिथेच ही वाचवते. हे सगळं खरं आहे, आणि गाडीबद्दल माझी आजही तक्रार नाही.

विक्रेता म्हणाला, “बॅटरी नवीन टाकलीय सर, बिल आहे.” मोबाइलवर बिलाचा फोटो दाखवला. ‘बॅटरी १ नग, जुनी परत’ एवढंच लिहिलेलं, रकमेवर त्याचा अंगठा. हायब्रीडमध्ये बॅटऱ्या दोन असतात. एक छोटी १२ व्होल्टची, दुसरी मोठी, माझ्या गाडीत २४४.८ व्होल्टची, जिच्यावर विजेची मोटर चालते आणि जिची किंमत लाखांत जाते. बिल पहिलीचं होतं. ‘वॉरंटी’ म्हणून जो छापील कागद मिळाला त्यात इंजिन आणि गिअरबॉक्स होते. हायब्रीड बॅटरी आणि तिची वीज मोटरला पुरवणारा इन्व्हर्टर ‘वगळलेले भाग’ या मथळ्याखाली, मागच्या पानावर, मुंगीएवढ्या अक्षरात.

टेस्ट ड्राइव्ह सपाट रस्त्यावर झाली. गाडी आधीच सुरू करून ठेवलेली, पडद्यावर बॅटरीचा चार्ज दाखवणारे दांडे भरलेले.

मे महिन्यात साताऱ्याला निघालो. चार माणसं, एसी चालू. खंबाटकी चढताना मागच्या सीटजवळून व्हॅक्युम क्लीनर लावल्यासारखा आवाज यायला लागला. तो बॅटरी थंड करणारा पंखा, फुल वेगात. बॅटरीचे दांडे बघता बघता तळाला गेले, उतार लागताच तितक्याच झटक्यात वर आले. मग पडद्यावर ‘चेक हायब्रीड सिस्टिम’. विक्रेत्याला फोन केला तर म्हणाला, “सर, काही नाही, सॉफ्टवेअर आहे. घेऊन या, रीसेट करून देतो.” रीसेट झालं, दिवा गेला. काही आठवड्यांनी परत आला, परत रीसेट. खेळ असा असतो की तोंडी दिलेली महिन्याभराची गॅरंटी या रीसेटमध्येच संपवायची.

शेवटी हायब्रीडचं काम करणाऱ्या एका गॅरेजवाल्याने मोठ्या बॅटरीचा पॅक खाली काढून टेबलावर ठेवला. त्यात ३४ मॉड्यूल, म्हणजे छोट्या बॅटऱ्या, असतात, प्रत्येक ७.२ व्होल्टचं, आणि कॉम्प्युटर त्यांच्या १७ जोड्यांवर लक्ष ठेवतो. ती मॉड्यूल जोडणाऱ्या तांब्याच्या पट्ट्या बघितल्या: बहुतेक हिरवट पडलेल्या, मध्येच काही लखलखीत. लखलखीत पट्ट्यांखालच्या मॉड्यूलवरचे नंबर वेगळ्याच मालिकेतले. “दादा, ही भंगारच्या पॅकमधली आहेत,” तो म्हणाला. कमजोर तेवढी काढून जुनीच दुसरी बसवायची. काही काळ पॅक तग धरतो, मग ठिगळाशेजारचं मॉड्यूल जातं. स्कॅनरवर कोड पी०ए८०, म्हणजे पॅक बदला. (हे घरी उघडून बघायला जाऊ नका. त्या नारिंगी केबलमधला करंट जीव घेतो.)

आता तुम्ही घेणार असाल तर. विक्रेत्याला सांगा, मी येईपर्यंत गाडी सुरू करायची नाही. ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले फॉल्ट वाचणारं यंत्र, घेऊन जा, हजार-दोन हजारांत मिळतो. ‘फॉल्ट नाही’ असं दिसलं म्हणून खूश होऊ नका; ‘रेडीनेस मॉनिटर’चं पान उघडा, गाडीच्या स्वतःच्या तपासण्या पूर्ण झाल्यात का ते तिथे दिसतं. फॉल्ट पुसला की हे मॉनिटर ‘अपूर्ण’ दाखवतात आणि पूर्ण व्हायला बरीच तऱ्हेतऱ्हेची रनिंग लागते. विक्रेता म्हणेल, १२ व्होल्टची बॅटरी काढली होती म्हणून तसं दिसतंय. असेलही. मग चार दिवस चालवा आणि बोलवा म्हणावं. गाडी घाटावर न्या, आणि हायब्रीड जाणणारा माणूस सोबत घेऊन चढावर १७ जोड्यांचे व्होल्टेज बघा. एखादी जोडी बाकीच्यांपेक्षा व्होल्टभर खाली पडत असेल तर परत फिरा. चेसिस नंबरवरून अधिकृत सर्व्हिसची नोंद काढून घ्या. मीटर मागे फिरवला असेल तर तिथे कळू शकतं. शिवाय १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याला आरटीओचं अधिकृतता प्रमाणपत्र लागतं. ते मागा. माझ्याकडच्याने “प्रोसेसमध्ये आहे” असं सांगितलं होतं.

विक्रेता पैसे परत द्यायला तयार नाही. म्हणतो, पॅक आधीच्या मालकाने उघडला असेल, आणि डिलिव्हरी नोटवर ‘गाडी आहे त्या स्थितीत’ असं लिहून सही आहे. पण ‘नवीन बॅटरी’ हा त्याचा व्हॉट्सअॅप मेसेज माझ्याकडे आहे, जाहिरातीचा स्क्रीनशॉट आहे आणि गॅरेजचा लेखी अहवाल, पट्ट्यांच्या फोटोंसकट. यावर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकली. दिलेली रक्कम पन्नास लाखांपर्यंत असेल तर ती तिथेच होते, मुदत दोन वर्षांची. पाच ते दहा लाखांच्या व्यवहाराला फी फक्त २०० रुपये. त्याआधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवरही नोंदवली होती. नोटीस गेल्यावर विक्रेत्याचा माणूस घरी आला, तीस हजार घ्या आणि मिटवा म्हणाला. मी नाही म्हटलं. नवा पॅक स्वतःच्या पैशाने टाकलाय, त्याचं बिल तक्रारीला जोडलंय, जुना पॅक गॅरेजमध्ये पुरावा म्हणून तसाच ठेवलाय. गाडी खंबाटकी आता तक्रार न करता चढते. निकाल लागला की कळवतो.