अ‍ॅक्सेस पॉइंट उत्तम, पण डब्ल्यूपीएस बंद राहायला तयार नाही

छताला लावायचा, डब्ल्यूपीए३ (वायफायची नवी सुरक्षा पद्धत) असलेला हा अ‍ॅक्सेस पॉइंट (वायफाय पसरवणारे यंत्र) घरी बसवून सात-आठ महिने झाले. रेंज आणि वेग यांबद्दल माझी तक्रार नाही. लिहिण्याचे निमित्त म्हणजे नुकतेच आलेले फर्मवेअर (यंत्रातले सॉफ्टवेअर) अपडेट, कारण त्यानंतर सेटिंगे पाहिली, तर मी बंद केलेले डब्ल्यूपीएस (पासवर्ड न टाकता बटण किंवा पिन वापरून उपकरण जोडण्याची सोय) पुन्हा चालू होते. आधीच्या अपडेटनंतरही हेच घडले होते.

कोणाला हे किरकोळ वाटेल. मला वाटत नाही. डब्ल्यूपीएसचा पिन आठ अंकी असला, तरी शेवटचा अंक केवळ पडताळणीचा असतो आणि पहिले चार व पुढचे तीन अंक स्वतंत्रपणे तपासले जातात, त्यामुळे एक कोटीऐवजी जास्तीत जास्त ११,००० प्रयत्नांत पिन सापडू शकतो. आणि पिन सापडला की तुमचा वीस अक्षरी पासवर्ड समोरच्याला आयता मिळतो. ही त्रुटी २०११ पासून जगजाहीर आहे. चुकीच्या प्रयत्नांनंतर पिन रोखून धरण्याची सोय काही उपकरणांत असते, पण याच्या सेटिंगांत तसा पर्याय मला कुठेही आढळला नाही. कस्टमर केअरचे उत्तर ठरलेले: फॅक्टरी रीसेट करा. रीसेट केल्यावर डब्ल्यूपीएस चालूच होणार, हे त्यांना समजावण्यात माझा अर्धा तास गेला.

सुरुवातीला मी याला दोनच तारे दिले असते, आणि ते प्रिंटरपायी. शुद्ध डब्ल्यूपीए३ ठेवले की आमच्या जुन्या प्रिंटरला नेटवर्क जोडता येत नसे, डब्ल्यूपीए३ आणि त्याआधीचे डब्ल्यूपीए२ असा मिश्र पर्याय ठेवला की तो मध्येच तुटत असे. नवा प्रिंटर घ्या, असा सल्ला मिळाला. पण छपाई व्यवस्थित होत असताना केवळ वायफायसाठी काही हजार रुपये घालवणे मला पटणारे नव्हते. मग एकाच यंत्रावर अनेक एसएसआयडी (वायफाय नेटवर्कची नावे), प्रत्येकाला वेगळी सुरक्षा, ही सोय वापरली आणि माझे मत बदलले. आता मुख्य नेटवर्क फक्त डब्ल्यूपीए३ वर आहे. प्रिंटरसाठी केवळ २.४ गिगाहर्ट्झवर डब्ल्यूपीए२-एईएस (एईएस ही माहिती सांकेतिक करण्याची मजबूत पद्धत) असून, हस्तांदोलनाची, म्हणजे जोडणीच्या वेळी होणाऱ्या ओळख-तपासणीची, देवाणघेवाण टिपून पासवर्ड निवांत ताडून पाहणे तिथे शक्य असल्यामुळे त्याचा पासवर्ड मुद्दाम अधिक लांब ठेवला आहे. यादीत टीकेआयपी ही माहिती सांकेतिक करण्याची जुनी पद्धतही दिसते. ते निवडल्यास सुरक्षा घटतेच, शिवाय वेग ५४ एमबीपीएसपुढे जात नाही. पाहुण्यांचे नेटवर्क वेगळे आहे आणि त्यावरून घरातली उपकरणे दिसत नाहीत. नाव लपवण्याच्या पर्यायाकडे मी लक्ष दिले नाही, कारण लपवलेले नाव उघड करायला फारसे कष्ट लागत नाहीत.

गंमत अशी की डब्ल्यूपीए३ बरोबर डब्ल्यूपीएस चालतच नाही, म्हणून ते परत येते ते नेमके प्रिंटरच्या डब्ल्यूपीए२ नेटवर्कवर. आपोआप होणारे अपडेट मी बंद केले आहे, पण तेही मनाला पटत नाही. २०१७ मध्ये डब्ल्यूपीए२ मधली क्रॅक (KRACK) नावाची त्रुटी बाहेर आली, तेव्हा उपकरणे दुरुस्त झाली ती अपडेटमधूनच. त्यामुळे आता अपडेट हाताने करतो आणि लगेच डब्ल्यूपीएसच्या पानावर जाऊन खूण काढतो. पाचपैकी साडेतीन तारे. अर्धा तारा कापला आहे तो कस्टमर केअरवरच्या त्या अर्ध्या तासाचा, आणि पूर्ण तारा डब्ल्यूपीएसचा.