घडीची खुर्ची आणि गुडघेवाल्यांचं नागपूर

मिटून लांबट पिशवीत जाणारी ही खुर्ची मी बर्डीवर घेतली. हजाराच्या थोडी वर पडली. कंपनीचं नाव सांगून फायदा नाही, कारण पिशवीवर एक नाव आहे आणि खुर्चीच्या पाठीवर दुसरंच. लोखंडी पाइप, जाड पॉलिस्टरचं कापड, हात टेकायला कापडी पट्टे, उजव्या पट्ट्यात ग्लास ठेवायची जाळी. वजन तीन किलोच्या आसपास. अशा खुर्च्या ऑनलाइन ढिगाने दिसतात, पण माझं सांगणं एकच, दुकानात बसून बघितल्याशिवाय घेऊ नका.

घेण्याचं कारण गुडघे. डॉक्टरांनी मांडी घालून बसू नका म्हटलं आणि आमची सतरंजी माळ्यावर गेली. त्याआधी सुट्टी आली की डबा, सतरंजी आणि पाण्याची कॅन घेऊन आम्ही कुठेतरी झाडाखाली पडून असायचो. सतरंजी गेली तसं बाहेर जाणंच सुटलं. संध्याकाळी गॅलरीत बसायचं आणि समोरच्यांचा कूलर ऐकायचा.

आमचे हे म्हणाले, "बागेत बेंच आहेत ना." आहेत की. पण बेंच जिथे रोवला तिथेच राहतो, सावली राहत नाही. सकाळी सात वाजता कडुनिंबाखाली असलेला बेंच नऊला उन्हात असतो. आणि उन्हाळ्यात इथे पारा ४५ वर जातो, तेव्हा दिवसभर तापलेला सिमेंटचा बेंच संध्याकाळीही पोळ्यांचा तवा असतो. खुर्चीचं तसं नाही, सावली सरकली की उचलायची आणि दोन हात बाजूला मांडायची. हजार रुपये मी त्याचे दिले, ग्लासाच्या जाळीचे नाही.

त्या जाळीबद्दल सांगून टाकते. चहाचा थर्मास तिच्यात बसत नाही. स्टीलचा पेला बसतो, पण खुर्चीतून उठताना पट्टा खाली दबतो आणि पेला कलंडतो. नीट बसतं ते संत्रं. फेब्रुवारी-मार्चात मृग बहाराची संत्री बाजारात असतात, तेव्हा एक जाळीत आणि बाकीची पिशवीत. सालं टाकायला कागदी पिशवी घरूनच न्या. सेमिनरी हिल्सवर रस्त्याच्या कडेला लोक काय काय टाकून जातात ते बघून डोकं फिरतं.

आता खरी तक्रार. या खुर्चीतून उठणं सोपं नाही. बसलं की मधलं कापड खाली झोल खातं आणि पुढचा पाइप मांड्यांना रुततो. कापडी पट्ट्यावर हात टेकून उठावं तर तो आधार देत नाही, नुसता ताणतो. गुडघेवाल्या माणसाला उठताना हाताचा जोर लागतोच. दुकानदाराला मी हे दुसऱ्या दिवशी जाऊन सांगितलं. तो म्हणाला, "मॅडम, एकदा बिल फाटलं की बदलून नाही मिळत." वाद घातला, उपयोग झाला नाही. मग घरच्या घरी तोड काढली. बैठकीवर एक कडक, चपटी गादी टाकली, खाटेवरच्या जुन्या गादीचा तुकडा शिवून घेतलेली. त्याने झोल कमी झाला, उंची दोन-तीन बोटं वाढली आणि पाइप रुतायचा थांबला. उठताना दोन्ही तळहात मांड्यांवर टेकून पुढे झुकायचं, पट्ट्यांना हात लावायचा नाही.

दुकानात गेलात की आधी चार कोपरे बघा. कापड पाइपला जिथे अडकवलंय तिथे शिवण दुहेरी, आडवी-उभी असायला हवी. एकेरी टाका दिसला तर ठेवून द्या, सगळा भार त्याच चार कोपऱ्यांवर येतो. मग बसा आणि दोन्ही पाय जमिनीवरून उचला. कुरकुर आली किंवा खुर्ची एका अंगाला गेली तर दुसरी मागा. दुकानदाराला आवडत नाही, पण त्याची काळजी आपण कशाला करायची.

पायांना काळे प्लॅस्टिकचे बूट आहेत. मुरमावर आणि गवतावर काही अडचण नाही. काळ्या मातीवर पाऊस पडून गेला असेल तर मात्र मागचे दोन पाय हळूहळू आत जातात आणि माणूस आकाशाकडे बघायला लागतो. खुर्ची ओढून काढली की बूट मातीत आणि पाइप हातात! आता मी फरशीचे चार तुकडे पिशवीत ठेवते. त्यांचं वजन वाढतं म्हणून हे कुरकुरतात, पण पिशवी उचलते कोण?

ती पिशवी स्कूटरवर आडवी राहत नाही, दोन्ही बाजूंनी बाहेर येते. उभी, दोन्ही गुडघ्यांच्या मधे ठेवली की जाते. माझी नणंद वर्धमाननगरला राहते, ती तिची खुर्ची खांद्याला लावून मेट्रोच्या अ‍ॅक्वा लाइनने येते आणि सुभाषनगरला उतरते. सामानाच्या मशीनमधून पिशवी सरळ जाते, कोणी काही म्हणत नाही म्हणे. मला मात्र एका बागेच्या गेटवर चौकीदाराने थांबवलं होतं. "खुर्ची कायले आणली काकू? आतमधी बेंच आहेत ना बाप्पा." मी गुडघे दाखवले. तो जरा विचारात पडला आणि म्हणाला, "जा मंग, पण लॉनवर नका मांडू." म्हणजे नियम काय आहे ते गेटवरचा माणूस ठरवतो. तिकीट काढायच्या आधी विचारून घ्या.

कुठे मांडायची, याबद्दल माझं मत पक्कं आहे. फुटाळ्याला नको. भोसल्यांच्या वेळचा तलाव आहे, संध्याकाळी सुंदर दिसतो, पण चौपाटीवर गाड्या, हॉर्न, भुट्ट्यांचा धूर आणि फोटो काढणारी पोट्टी. तिथे उभ्याने भुट्टा खावा आणि यावं. अंबाझरी तलावावर संध्याकाळ जास्त चांगली. बांध शहराच्या बाजूला, म्हणजे पूर्वेला आहे, त्यामुळे या बाजूने पाण्यापलीकडे मावळतीचं आकाश दिसतं. पाणकावळे पंख पसरून वाळवत बसलेले असतात. सप्टेंबर २०२३ मध्ये याच तलावाचं पाणी एका रात्रीत वस्त्यांमध्ये शिरलं होतं. कॉर्पोरेशन कॉलनीतली माझी मैत्रीण अजूनही तलावाचं नाव काढलं की "तुम्हीच जा बाई" म्हणते. तिला आग्रह करत नाही.

सकाळसाठी सेमिनरी हिल्स. जपानी गार्डनमध्ये चालणाऱ्यांची गर्दी असते आणि ते एकमेकांना शुगर किती आली ते ओरडून सांगतात, म्हणून मी जरा लांब, झाडांच्या कडेला मांडते. सतरंजीवर असताना आम्ही जेवायचो, गप्पा मारायचो, लवंडायचो. खुर्चीत लवंडता येत नाही, म्हणून नजर समोर राहते. मागच्या थंडीत असंच समोरच्या वाळक्या फांदीवर एक वेडा राघू येऊन बसला. हिरवा, शेपटीतून दोन सुयांसारखी पिसं निघालेली. फांदीवरून उडायचा, हवेत गिरकी घ्यायचा आणि परत त्याच जागेवर. एकदा चोचीत मधमाशी घेऊन आला. गिळली नाही. आधी फांदीवर आपटली, टक टक, मग पकड बदलून शेपटीकडचं टोक घासलं, पुन्हा आपटली. नांगी काढायचं काम ते, पक्षी बघणाऱ्या भाच्याने नंतर सांगितलं. मग मान वर करून एका झटक्यात आत. आणि लगेच दुसरीच्या मागे. मी चहा थंड केला त्या दिवशी.

हंगामाचं म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी केव्हाही निघा, फक्त जानेवारीच्या सकाळी शाल हवी, कापडाच्या पाठीतून गार वारा थेट लागतो. फेब्रुवारीच्या शेवटी पळस फुलतो, त्याच्यावर शिंजिर पक्ष्यांची झुंबड असते, तेव्हा शहराबाहेर काटोल रोडच्या बाजूने जाणं आलंच. एप्रिलपासून सकाळी साडेपाच ते साडेसात, त्यापुढे नाही. मे अखेरच्या नवतपात तर खुर्ची घरीच, कूलरसमोर. पावसाळ्यात डास आणि ओलं कापड. भिजलेली खुर्ची तशीच पिशवीत कोंबली तर चार दिवसांत काळे ठिपके पडतात आणि वास येतो, दोरीवर उलटी टांगून पूर्ण वाळवा.

खाण्याचं जास्त मनावर घेऊ नका. मांडीवर ताट धरून तर्री पोहे खाणं या खुर्चीत जमत नाही, तर्री साडीवरच जाते. सांबारवडी, म्हणजे आमची कोथिंबिरीची वडी न्या, हातात धरून खाता येते आणि थंडसुद्धा चालते.

बैठक उंच आणि हात लाकडी किंवा पाइपचे असलेली, डायरेक्टरच्या खुर्चीसारखी एक जात मिळते. तिच्यातून उठायला फार सोपं. पण ती जड, आणि मिटली तरी चपटी पाटी होते, स्कूटरवर नाही मावत. कार असेल तर डोळे मिटून तीच घ्या. स्कूटर किंवा मेट्रो असेल तर माझी चालेल, गादी टाकून. तीन पायांचं छोटं स्टूल मात्र साठीच्या पुढच्या कोणाला घेऊन देऊ नका, पाठीला आधार नाही आणि बसताना मागे हात घालून ते चाचपावं लागतं. आमच्या ह्यांनी हट्टाने घेतलं होतं. हल्ली त्यावर आमची पाण्याची कॅन असते.