संत्र्याच्या भरवशावर पाहिलेली कोरियन मालिका

नेटफ्लिक्सवर मार्च २०२५ मध्ये आलेली ‘व्हेन लाइफ गिव्ज यू टँजरिन्स’ ही १६ भागांची मालिका आमच्या घरी पाहिली गेली ती निव्वळ नावामुळे. अमरावती जिल्ह्यातल्या वरूड तालुक्यात ज्याच्या घरी संत्र्याची बाग आहे, त्याला टँजरिन हे आपल्याच संत्र्याचे ढिल्या सालीचे भावंड आहे, हे सांगावे लागत नाही. मृग बहरासाठी, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडी येणाऱ्या फुलोऱ्यासाठी, बाग पाणी तोडून ताणावर सोडलेली होती, ओलिताचे काम बंद होते आणि संध्याकाळी हाताशी वेळ होता, म्हणून ओसरीवर मोबाइल टेकवून मी, आत्याबाई (माझ्या सासूबाई) आणि मामाजी (सासरे) असे तिघे पाहायला बसलो. पहिल्याच भागात समुद्र, मासळी आणि पाण्यात बुडी मारणाऱ्या बायका दिसू लागल्या, तेव्हा मामाजींनी विचारले, “याच्यात बाग कुठी हाये, पोरी?”

त्यांची शंका रास्त होती. कथा दक्षिण कोरियाच्या जेजू बेटावरची असली, आणि १९६० व १९७० च्या दशकांत तिथे संत्र्याच्या झाडाला ‘कॉलेजचे झाड’ म्हणत असले (दोन-चार झाडांच्या उत्पन्नावर मुलाचे उच्चशिक्षण निघे म्हणून), तरी या मालिकेच्या मध्यभागी बाग नाही. फळ आहे ते इंग्रजी नावात. मूळ कोरियन नाव जेजूच्या बोलीतले असून त्याचा अर्थ ‘फार कष्ट उपसलेत’ असा होतो. मात्र प्रमाण कोरियन बोलणाऱ्याच्या कानाला तेच शब्द ‘पुरते फसलात’ असे ऐकू येतात. ज्याने पुण्यात जाऊन वऱ्हाडी बोलून पाहिली आहे, त्याला ही गंमत फोडून सांगायची गरज नाही.

कोरियन मालिकांचे ठरीव मसाले मला आता तोंडपाठ आहेत. लहानपणीची विसरलेली ओळख, पैशांचे पाकीट पुढे सरकवणारी श्रीमंत सासू, नेमक्या क्षणी कोठूनतरी येणारा ट्रक, पावसात डोक्यावर धरलेली छत्री आणि अपघातानंतर जाणारी स्मृती, ज्या एका युक्तीवर २००२ च्या ‘विंटर सोनाटा’ने अख्ख्या आशियाला रडवले. ही मालिकाही त्याच डब्यातून मसाला काढते. बालपणीची जोडी आहे, विरोध करणारे सासर आहे, गरिबी आहे आणि शेवटी असाध्य आजारही आहे. फरक इतकाच की इथे प्रत्येक युक्तीच्या मागे कोणाचे तरी राबणारे हात दिसतात. नायिका ए-सुनची आई समुद्राच्या तळातून शिंपले काढणारी हेन्यो आहे; या बायका पाण्याबाहेर येताना शिट्टीसारखा जो श्वास सोडतात, तो आवाज पडद्यावर इतक्या वेळा येतो की ही आई २९ व्या वर्षी जाते तेव्हा संगीताची जोड नसती तरी चालले असते.

जहाजाने बेट सोडून निघालेला नायक ग्वान-सिक समुद्रात उडी टाकून ए-सुनकडे पोहत परत येतो, हा प्रसंग शुद्ध सिनेमाचा आहे आणि मी तो हसत पाहिला. मामाजी मात्र “थे पोट्टं खरंच पोहत आलं का मांगं?” असे म्हणून सरसावून बसले. माझ्या मते मालिकेतले खरे धाडस त्यानंतरच्या एका जेवणात आहे. पुरुष मोठ्या टेबलाशी आणि बायका वेगळ्या, खालच्या टेबलाशी बसलेल्या असताना ग्वान-सिक बसल्या जागी मागे वळतो आणि बायकोकडे तोंड करून जेवू लागतो. कोणी ओरडत नाही, ताट फेकत नाही, फक्त एका माणसाची पाठ आता बापाकडे असते. ओसरीवर यावर कोणी काही बोलले नाही. आत्याबाईंनी तेवढे ते मागे नेऊन पुन्हा लावायला सांगितले. दुसऱ्या दिवशी आमच्याकडे पुरुषांची ताटे आधीच वाढली गेली, हेही सांगितले पाहिजे.

दोष आहेत आणि ते लहान नाहीत. ग्वान-सिक अती गुणी आहे. इतक्या वर्षांच्या संसारात ज्याचा एकदाही तोल सुटत नाही, असा नवरा लेखणीच घडवू शकते. उलट बायकोला जन्मभर छळणाऱ्या बोटमालकाला पुढे पुढे विनोदी पात्र करून मालिका त्याला फार स्वस्तात सोडते, आणि हे मला अजूनही रुचलेले नाही. आययू हीच अभिनेत्री तरुण ए-सुन आणि पुढे तिची मुलगी अशी दोन्ही कामे करते. ती उत्तम करते, पण कथा काळात मागेपुढे उड्या मारत असल्याने मामाजींना दोन भाग आई कोण आणि लेक कोण हेच उमगेना. उपशीर्षके वाचून मी त्यांना वऱ्हाडीत सांगत होते, त्यात ए-सुनच्या कविता पार वाहून गेल्या. ए-सुन आणि ग्वान-सिकचे मूल दगावते तो भाग ज्या घरात असे दुःख ताजे आहे, तिथे लावू नये.

चार आठवडे, दर आठवड्याला चार भाग, आणि त्या चार गटांना वसंतापासून हिवाळ्यापर्यंतचे ऋतू, अशी मालिकेची मांडणी होती. हरवलेले मंगळसूत्र सापडायला तीन आठवडे घेणाऱ्या आपल्या मालिकांची सवय असलेल्या आत्याबाईंना सोळाव्या भागानंतर काही उरलेच नाही, हे पटायला दोन दिवस लागले. मामाजींचा प्रश्न वेगळा होता. त्या बेटावर व्यापारी बाग झाडावरच उक्ती घेतो की माल तोडून मोजून घेतो, आणि फळगळ झाली तर नुकसान कोणाच्या माथी, असे त्यांनी मला विचारले, आणि सोळा भागांत याचे उत्तर कुठेच नव्हते.