हॅरिस एस-बीआरएम बायपॉड: ५० मीटरच्या नेमबाजीसाठी कितपत उपयोगी?

हॅरिस इंजिनिअरिंग या अमेरिकेच्या केंटकी राज्यातील कंपनीचा एस-बीआरएम हा सहा ते नऊ इंच उंचीचा बायपॉड (रायफलीच्या पुढच्या भागाखाली बसणारा दोन पायांचा आधार) जगभरच्या नेमबाजांच्या परिचयाचा आहे. गोव्यात आम्ही काही जण पीसीपी (आधी भरून ठेवलेल्या दाबाच्या हवेवर चालणाऱ्या) एअर रायफलीने, आणि ज्यांच्याकडे परवाना आहे ते पॉइंट टू टू (.२२ इंच कॅलिबरच्या) रायफलीने, ५० मीटरवर कागदी लक्ष्याचा सराव करतो. त्या सरावातील वापरावरून हे परीक्षण लिहीत आहे. माझे मत आधीच सांगतो. झोपून किंवा बाकावर बसून नेम धरणाऱ्याला याहून महागडा बायपॉड घ्यावा लागत नाही. मात्र बायपॉडकडून जी स्थिरता अपेक्षित असते, तिचा निम्मा भाग त्याच्या पायांत नसून रायफलीच्या मागच्या टोकाखालील पिशवीत असतो, हे लक्षात घेतल्याशिवाय कोणताही बायपॉड विकत घेऊ नये.

आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या १० मीटर एअर रायफल आणि ५० मीटर थ्री पोझिशन (गुडघ्यावर, झोपून व उभे राहून) या स्पर्धांत बायपॉड चालत नाही. तेथे नेमबाजाचे शरीर, विशेष जाकीट आणि झोपून वा गुडघ्यावर मारताना स्लिंगचा पट्टा हाच आधार असतो. २०२३ मध्ये गोव्यात ३७ व्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा झाल्या, तेव्हापासून आपल्याकडे या खेळाकडे पाहणाऱ्या पालकांची संख्या वाढल्याचे मला जाणवते. मुलाला राज्य स्पर्धेसाठी तयार करायचे असेल तर त्यांनी हा खर्च टाळावा आणि तोच पैसा जाकीट व पेलेट (एअर रायफलीच्या छोट्या गोळ्या) यांवर लावावा. बायपॉडचे खरे क्षेत्र वेगळे आहे: एफ-क्लाससारखी लांब पल्ल्याची नेमबाजी, ज्यातील एफ-टीआर गटात .२२३ किंवा .३०८ कॅलिबरची रायफल बायपॉडवरून चालवतात आणि बायपॉड व स्कोप (नेमाची दुर्बीण) धरून एकूण वजन ८.२५ किलोंच्या आत ठेवावे लागते; किंवा मग आमच्यासारख्यांचा ५० मीटरचा हौशी पण गंभीर सराव.

आता उंची. हॅरिसच्या नावातील बीआर म्हणजे सहा ते नऊ इंच. एल हे अक्षर असलेला नमुना नऊ ते तेरा इंचांचा असतो आणि त्याहूनही उंच नमुने मिळतात. नवा नेमबाज बहुधा उंच नमुन्याकडे वळतो, कारण त्याला वाटते की लांब पाय आखूड करता येतात, आखूड पाय लांब करता येत नाहीत. प्रत्यक्षात पाय जितके लांब, तितकी त्यांची लवचिकता अधिक आणि रायफल तितकी जमिनीपासून दूर. झोपून मारताना उंच बायपॉडमुळे छाती उचलावी लागते, मानेवर ताण येतो आणि काही मिनिटांतच स्कोपमधील फुली श्वासाबरोबर डोलू लागते. म्हणून ज्या सर्वांत कमी उंचीवर मॅगझिन आणि स्कोपची पुढची भिंग-बाजू मोकळी राहते, ती उंची आपली. कमी उंचीत एक धोका मात्र आहे. स्कोप नळीच्या चार-पाच सेंटिमीटर वर असतो. स्कोपमधून लक्ष्य स्वच्छ दिसते, पण नळीच्या समोर ओट्याची कड किंवा चटईची घडी येत असते. आपल्याकडील जांभ्या चिऱ्याच्या ओट्यावर असा पेलेट आपटला तर तो कोठे उडेल ते सांगता येत नाही. प्रत्येक नव्या जागी, रायफल रिकामी असताना, नळीच्या पातळीवरून एकदा पुढे पाहणे अत्यावश्यक आहे.

नावातील एम हे अक्षर पायांवरील खाचांसाठी आहे. खाचा नसलेल्या नमुन्यात पाय हव्या त्या उंचीवर स्क्रूने आवळतात. खाचांच्या नमुन्यात ते ठरावीक टप्प्यांवर अडकतात, त्यामुळे दोन्ही पाय समान उंचीवर आहेत की नाही हे बोटांनीच कळते आणि पुढच्या वेळी तीच उंची पुन्हा मिळते. मला खाचा अधिक पसंत आहेत, कारण नेमबाजीत आज जे केले तेच उद्या तसेच करता येणे याला सर्वाधिक मोल आहे.

एस हे अक्षर मात्र कोणत्याही परिस्थितीत सोडू नये. एस मालिकेचा बायपॉड डावीउजवीकडे कलतो, म्हणजे पाय उंचसखल जागी असले तरी रायफल सरळ उभी करता येते. याचे महत्त्व आकड्यांतून समजते. २० ज्यूलच्या आतील ऊर्जेची, .१७७ इंच कॅलिबरची एअर रायफल (२०१६ च्या शस्त्र नियमांनुसार याच मर्यादेतील एअर रायफलीला परवाना लागत नाही) साडेआठ ग्रेनच्या (सुमारे ०.५५ ग्रॅमच्या) आसपासचा पेलेट ५० मीटरपर्यंत नेते, तेव्हा तो नळीच्या सरळ रेषेपासून सुमारे २० सेंटिमीटर खाली उतरलेला असतो. ही उतरण भरून काढण्यासाठी नळी स्कोपच्या मानाने किंचित वर रोखलेली असते. रायफल ३ अंश कलली की त्या वर रोखण्यातील काही अंश बाजूला वळतो आणि पेलेट जवळपास एक सेंटिमीटर त्या बाजूला जातो. ५० मीटरच्या रायफल लक्ष्यावर दहाचे वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते. म्हणजे नेम अचूक असूनही गुण नऊ. तीन अंशांचा कल डोळ्यांना सहसा कळत नाही, म्हणून स्कोपच्या नळीवर हवेच्या बुडबुड्याची छोटी पातळी (स्पिरिट लेव्हल) बसवावी. कलण्याचा घट्टपणा हॅरिसमध्ये गोल नॉबने आवळावा लागतो आणि ती जागा अरुंद आहे. नॉबऐवजी लहान तरफ बसवता येते, ती बसवून घ्यावी असे मी आग्रहाने सुचवतो.

बसवण्याची पद्धत हा अनेकांकडून दुर्लक्षिला जाणारा भाग आहे. हॅरिस मुळात स्लिंगच्या स्टडला (पट्टा अडकवण्याच्या खुंटीला) अडकतो; पिकॅटिनी किंवा एम-लॉक रेल (जोडणीसाठी खाचा असलेली पट्टी) असेल तर जोडपट्टी लागते. आधार नेहमी स्टॉकला (नळी ज्यात बसते त्या लाकडी वा प्लॅस्टिकच्या भागाला) द्यावा. थेट नळीवर आवळणारे स्वस्त बायपॉड बाजारात दिसतात. ते नळी वाकवतात आणि दाब बदलला की पेलेटची जागा बदलते. पीसीपीच्या हवेच्या टाकीवर आवळणेही टाळावे, विशेषतः नळी कड्याने त्याच टाकीला जोडलेली असेल तर. प्लॅस्टिकचा पोकळ स्टॉक असल्यास पुढे दाबून पाहावे. तो वाकून नळीला टेकत असेल तर दोष बायपॉडचा नाही.

स्प्रिंगच्या एअर रायफलीसाठी हा बायपॉड घेऊ नये, असे मी स्पष्टपणे सांगतो. घोडा ओढल्यावर तिचा जड दट्ट्या पुढे धावतो, रायफल आधी मागे आणि मग पुढे झेपावते, आणि हे सारे पेलेट नळीतून बाहेर पडण्याआधी घडते. या हालचालीला मोकळीक हवी असते. उघड्या तळहातावर हलकी विसावलेली स्प्रिंग रायफल जेवढा घट्ट गट (लक्ष्यावरील छिद्रांचा झुबका) देते, तेवढा ताठ पायांवर उभी केलेली देत नाही. पीसीपीला आणि पॉइंट टू टू रायफलीला ही अडचण जवळजवळ नाही.

वापरताना शरीर रायफलीच्या सरळ मागे असावे. दोन्ही खांदे नळीशी काटकोनात ठेवावेत, बायपॉडचे पाय पुढे किंचित रेटून त्यांतील ढिलाई काढावी आणि प्रत्येक वेळी तेवढाच रेटा द्यावा. गुळगुळीत सिमेंटवर रबरी पाय सरकतात, त्यामुळे रेटा देताच येत नाही. काथ्याची जाड चटई टाकली की पाय तिच्यात रुततात आणि हा प्रश्न सुटतो. नेम लक्ष्यावरून हटला असेल तर हाताने रायफल ओढू नये. कंबर आणि पाय सरकवून सारे शरीर वळवावे, डोळे मिटावेत, श्वास सोडावा आणि डोळे उघडल्यावर फुली कोठे आहे ते पाहावे.

मागच्या टोकाखालील पिशवी हा माझ्या दृष्टीने बायपॉडइतकाच आवश्यक खर्च आहे, आणि तो फारच थोडा आहे. डाव्या मुठीत ती दाबली की नळी खाली येते, सैल सोडली की वर जाते. इतकी सूक्ष्म हालचाल नुसत्या हाताने साधत नाही. पिशवी घरी शिवता येते, पण तिच्यात तांदूळ भरू नयेत. आपल्या दमट हवेत त्यांत पावसाळ्यापूर्वीच टोके (कीड) होतात आणि पावसाळ्यात ते बुरसतात. किनाऱ्यावरची वाळू खारट असल्याने ओलावा धरते. प्लॅस्टिकचे बारीक दाणे सर्वांत चांगले.

तुलनेसाठी आणखी दोन नावे. बी अँड टी इंडस्ट्रीजचा ॲटलस बीटी१० कलतोही आणि डावीउजवीकडे वळतोही, त्याचे पाय पुढे व मागे ४५ अंशांतही अडकवता येतात, आणि त्याची घडण अधिक नेटकी आहे. परंतु एका जागी लावलेल्या कागदी लक्ष्यासाठी त्या वळण्याचा उपयोग होत नाही आणि किंमत बरीच वाढते. मॅगपुलचा बायपॉड पॉलिमर व ॲल्युमिनियमचा असून सुमारे ३२० ग्रॅमचा आहे, हॅरिस सुमारे ४०० ग्रॅमचा. डोंगर चढून रायफल वाहायची नसेल तर हा फरक नगण्य आहे. हॅरिससारख्या दिसणाऱ्या बिननावाच्या स्वस्त नकला मात्र मी कोणालाही सुचवणार नाही. माझ्याकडील अशा एका नकलेचे सांधे थोड्याच काळात खिळखिळे झाले आणि पाय पूर्ण आवळूनही नळीच्या टोकाशी हालचाल जाणवत राहिली.

गोव्याच्या हवेत हॅरिसची एक गोष्ट सतत लक्ष मागते: त्याच्या स्प्रिंगा बाहेर, उघड्यावर असतात. समुद्राकाठच्या खाऱ्या वाऱ्यात पोलादी स्प्रिंगेवर तांबूस थर चढायला वेळ लागत नाही. प्रत्येक सरावानंतर कोरड्या फडक्याने पुसून स्प्रिंगा आणि खाचांवर बंदुकीच्या तेलाचा अगदी पातळ हात फिरवावा. जास्त तेल लावल्यास जांभ्या मातीची लाल धूळ त्यात बसते आणि पाय अडखळू लागतात. जून ते सप्टेंबर रायफल व बायपॉड स्पंजाच्या अस्तराच्या पेटीत बंद ठेवू नयेत, कारण ते अस्तर ओल धरून ठेवते. कुलूपबंद कोरड्या कपाटात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावेत आणि पुड्या पावसाळ्यात अधूनमधून बदलाव्यात.