घासाघासाची नोंद ठेवणारा आहार-उपचार: पारखायचा कसा

ऑटिझम असलेल्या मुलांसाठी वर्तन-विश्लेषणावर (म्हणजे वागण्याची नोंद ठेवून, बक्षीस आणि छोट्या पायऱ्यांनी ते बदलण्यावर) आधारलेला दिवसभराचा आहार-उपचार म्हणजे आठवड्यातले पाच दिवस केंद्रात येणं, दिवसाला तीन-चार जेवणसत्रं, आणि हे साधारण सहा ते आठ आठवडे. अधूनमधून होणाऱ्या भेटींनी जे वर्षभर हलत नाही ते इथे हलतं. पण केंद्र चांगलं की नाही, हे पहिला चमचा उचलण्याआधीच कळतं.

आधी तपासण्या बघा. या मुलांत खाण्याच्या अडचणी इतर मुलांच्या सुमारे पाचपट आढळतात, म्हणून ‘ऑटिझममुळेच खात नाही’ म्हणून मोकळं होणं सोपं जातं. बद्धकोष्ठता, पोटातलं आम्ल वर येणं, अन्ननलिकेची सूज, गिळताना घास श्वासनलिकेकडे जाणं, यांतलं काहीही असू शकतं. पोट दुखतं म्हणून तोंड मिटणाऱ्या मुलाला बक्षीस दाखवणं हा त्याच्यावर अन्याय आहे. डॉक्टर, आहारतज्ज्ञ, स्पीच थेरपिस्ट आणि वर्तनतज्ज्ञ एकत्र बसत नसतील तर पुढे जाऊच नका. वजन नीट आहे यावरही विसंबू नये. ठरावीक चार-पाच पदार्थांवर जगणाऱ्या मुलांना ‘क’ जीवनसत्त्वाअभावी स्कर्व्ही होऊन चालणं थांबल्याच्या नोंदी आहेत.

मग नोंदीचा कागद मागा. घास समोर आल्यावर ५ सेकंदांत घेतला का, ३० सेकंदांनी तोंड रिकामं होतं का, उमासा आला का, थुंकला का, हे सगळं प्रत्येक घासाला लिहिलेलं हवं. ‘घेतला’ आणि ‘गिळला’ हे दोन वेगळे रकाने असलेच पाहिजेत. बरीच मुलं घास गालात धरून बसतात आणि कागदावर मात्र ‘खाल्लं’ असं पडतं. याचं कारण कधी टाळाटाळ असतं, तर कधी चावलेलं जिभेने मागे नेता न येणं. दुसऱ्या कारणावर बक्षीस चालत नाही. तिथे घास वाटून मऊ करावा लागतो, छोटा करावा लागतो.

पायऱ्या किती बारीक आहेत तेही बघा. उकडून गुळगुळीत वाटलेलं गाजर, चमच्याच्या टोकावर तांदळाच्या दाण्याएवढं, सत्राला पाचच घास. लागोपाठ तीन सत्रांत पाचपैकी चार घास गिळले गेले की पाव चमचा, मग अर्धा. एका वेळी आकार तरी वाढवायचा, नाहीतर दाटपणा. दोन्ही एकाच दिवशी वाढवले की मूल हमखास मागे सरकतं, आणि ही चूक घाईपोटी फार होते. आवडत्या पदार्थाबरोबर नवा पदार्थ द्यायचा तर तो दिसेल असा द्यावा. लपवलेला सापडला की मूल आवडता पदार्थही सोडून देतं, मग यादी होती त्याहून आखूड होते. बक्षिसाचं खेळणं दिवसभर हातात असेल तर सत्रात त्याला किंमत उरत नाही.

खरा कस लागतो तो चमचा मागे न घेण्याच्या पद्धतीत. घास घेईपर्यंत चमचा ओठांशी धरून ठेवतात. तिच्या परिणामाचा पुरावा भक्कम आहे, पण सुरुवातीला रडणं वाढतं आणि मध्येच माघार घेतली तर जास्त रडलं की सुटका होते हेच मूल शिकतं. म्हणून आधी सौम्य उपाय पुरते करून बघावेत. त्यानंतर पालकांची लेखी संमती घेऊन, कुठे थांबायचं ते आधी ठरवूनच ही पद्धत वापरावी. बोलता न येणाऱ्या मुलाला ‘थांबा’ सांगायला एखादं कार्ड किंवा खूण हवी. लहानपणी असा उपचार झालेल्या प्रौढांचे आक्षेप आपण मनावर घ्यायलाच हवेत. जबडा दाबून तोंड उघडणं, हात धरून ठेवणं असं काही दिसलं तर मुलाला उचलून घरी न्यावं.

या सेवेची सर्वांत कच्ची बाजू घरी परतल्यावर उघडी पडते. थेरपिस्टच्या हातून वीस पदार्थ खाणारं मूल स्वयंपाकघरातल्या खुर्चीत दोनवर येतं. चांगल्या केंद्रात शेवटचे दोन आठवडे घास आई-वडीलच भरवतात, थेरपिस्ट बाजूला बसून त्यांच्या पायऱ्या तपासतो, आणि दहापैकी नऊ पायऱ्या बरोबर येईपर्यंत सुट्टी देत नाही. घरचंच ताट, घरचाच चमचा आणून सराव होतो. प्रवेश घेण्याआधी हे नेमकं कुठल्या आठवड्यात सुरू होतं ते विचारा, आणि उत्तर तारखेसकट लिहून घ्या.