२१० ग्रॅमचा हिशेब : वनप्लस १३ काही महिने वापरल्यानंतर

वनप्लस १३ भारतात जानेवारी २०२५ मध्ये आला तेव्हा त्याचा वेग, कॅमेरा आणि ६९,९९९ रुपयांपासून सुरू होणारी किंमत यांवर पुष्कळ लिहिले गेले. मी तो उन्हाळ्यात घेतला. उन्हाळा, पावसाळा आणि दिवाळी उलटल्यावर मला ज्याविषयी लिहावेसे वाटते, ते म्हणजे त्याचे वजन आणि जाडी. ६००० एमएएच (बॅटरीत किती विद्युतभार मावतो ते मोजण्याचे एकक) क्षमतेची बॅटरी असलेला हा फोन, पाठ चामड्यासारखी असलेल्या निळ्या आवृत्तीत, २१० ग्रॅमचा आणि साडेआठ मिलिमीटर जाड आहे. फोन जड लागला की दोष बॅटरीच्या माथी मारण्याची आपल्याला सवय आहे. दुकानातला विक्रेताही 'बॅटरी मोठी आहे ना साहेब' असे सांगून मोकळा होतो. वापरातून आणि थोड्या आकडेमोडीतून माझे मत असे झाले आहे की हातातल्या वजनाला बॅटरीपेक्षा पडद्याचा आकार, काच आणि धातू हेच अधिक जबाबदार असतात आणि बॅटरीसाठी उचललेले ग्रॅम हे त्यातले सर्वांत सत्कारणी लागलेले ग्रॅम असतात.

माझा वापर कसा आहे, हे आधी सांगायला हवे, कारण त्याशिवाय बॅटरीविषयीच्या कोणत्याही विधानाला अर्थ नाही. बँकांसाठी स्थावर मालमत्तेचे मूल्यांकन करणे हा माझा व्यवसाय असून आठवड्यातले निम्मे दिवस कार्यालयात आणि उरलेले भोर, जुन्नर, खेड या बाजूंना पाहणीत जातात. पाहणीच्या दिवशी नकाशा सतत चालू असतो, अक्षांश-रेखांश उमटलेली छायाचित्रे काढावी लागतात, उन्हात पडदा दिसावा म्हणून प्रकाशमान पूर्ण वाढवावे लागते आणि जागेवरूनच अहवाल पाठवायचा असेल तर लॅपटॉपला फोनचेच इंटरनेट द्यावे लागते. त्यात वरंध घाटाच्या बाजूला गेले की नेटवर्क क्षीण होते. मनोऱ्याशी संपर्क टिकवण्यासाठी फोनला अधिक शक्तीने प्रक्षेपण करावे लागत असल्यामुळे तो नुसता खिशात पडून असतानाही बॅटरी उतरत राहते. याआधीचा माझा फोन सडपातळ आणि हलका होता. त्याचे नाव घेण्याचे कारण नाही, कारण त्या जाडीच्या कोणत्याही फोनचे अशा दिवशी तेच झाले असते : दुपारच्या चहापर्यंत तो धापा टाकू लागे आणि मग बॅगेतून पॉवर बँक बाहेर येई.

ही पॉवर बँक हिशेबात धरलीच पाहिजे. दहा हजार एमएएचच्या साध्या पॉवर बँकेचे वजन दोनशे ग्रॅमच्या आसपास असते. तिच्या आतील सेलचा विद्युतदाब ३.७ व्होल्ट असतो, तो वाढवून ५ व्होल्ट करताना आणि पुढे फोनमध्ये शिरताना ऊर्जेचा काही भाग उष्णतेत जातो, त्यामुळे डब्यावर छापलेल्या आकड्याच्या साधारण साठ ते पासष्ट टक्केच हाती लागतात. म्हणजे फोनमध्ये वाचवलेले पन्नासेक ग्रॅम मी बॅगेत चौपट करून वाहत होतो आणि शिवाय वायरीने बांधलेला फोन हातात धरून छायाचित्रे काढत होतो. वनप्लस १३ आल्यापासून पाहणीच्या दिवशीही रात्री घरी पोचताना साधारण तीस टक्के बॅटरी शिल्लक असते. कार्यालयातल्या दिवशी तर दुसऱ्या दिवसाची दुपार सहज गाठली जाते. पॉवर बँक आता मुक्कामाच्या प्रवासापुरतीच सोबत असते.

एवढी क्षमता या जाडीत बसते ती सिलिकॉन-कार्बन बॅटरीमुळे. नेहमीच्या लिथियम-आयन बॅटरीत ऋण बाजूला ग्रॅफाइट असते आणि चार्जिंगच्या वेळी लिथियम त्याच्या थरांत जाऊन बसते. सिलिकॉन वजनाच्या मानाने ग्रॅफाइटच्या जवळजवळ दहापट लिथियम सामावून घेऊ शकतो, पण तसे करताना तो तिपटीहून अधिक फुगतो आणि वारंवार फुगण्या-आकसण्याने त्याला तडे जातात. म्हणून तो शुद्ध स्वरूपात न वापरता कार्बनमध्ये मिसळून, मर्यादित प्रमाणात वापरला जातो. ऑनर या चिनी कंपनीने २०२३ साली मॅजिक ५ प्रो या फोनच्या चीनमधील आवृत्तीत हे तंत्र आणले आणि त्यानंतर बहुतेक चिनी कंपन्यांनी ते उचलले. त्याचा परिणाम एकाच घरातल्या दोन फोनांत स्वच्छ दिसतो. वनप्लस १२ मध्ये ५४०० एमएएचची बॅटरी, २२० ग्रॅम वजन आणि ९.१५ मिलिमीटर जाडी होती. पुढच्याच वर्षी बॅटरी ६०० एमएएचने वाढली, तर वजन आणि जाडी दोन्ही कमी झाली.

आता वजनाच्या वाटणीकडे येतो. बॅटरीची क्षमता हजार एमएएचने वाढवायची तर तिचे स्वतःचे वजन साधारण चौदा-पंधरा ग्रॅमने वाढते, त्याहून फारसे नाही. माझ्या धाकट्या बहिणीने वनप्लस १३ एस घेतला आहे. तो जून २०२५ मध्ये आला, त्याचा पडदा ६.३२ इंचांचा, बॅटरी ५८५० एमएएचची आणि वजन १८५ ग्रॅम. माझ्या फोनचा पडदा ६.८२ इंचांचा. दोन्ही बॅटऱ्यांतला फरक अवघा १५० एमएएच, म्हणजे दोन-तीन ग्रॅमचा ऐवज, पण दोन्ही फोनांतला फरक पंचवीस ग्रॅमचा. उरलेले ग्रॅम कुठे गेले? मोठा पडदा, त्यावरची मोठी काच, तिला कवटाळणारी मोठी चौकट आणि एक जादा कॅमेरा यांत ते गेले. भाऊबीजेला दोन्ही फोन शेजारी शेजारी ठेवले होते तेव्हा तिने माझा उचलून पाहिला आणि म्हणाली, "दादा, हा फोन आहे की पाटी?" तिची तक्रार वजनापेक्षा रुंदीबद्दल होती आणि ती रास्त होती, कारण माझा फोन साडेशहात्तर मिलिमीटर रुंद आहे, तर तिचा बहात्तरच्या आत. त्या चार-पाच मिलिमीटरनी एका हाताचा फोन दोन हातांचा होतो.

उलट दिशेने पाहायचे तर सॅमसंगचे दोन फोन सोयीचे आहेत, कारण त्यांचे पडदे एकाच आकाराचे, ६.७ इंचांचे आहेत. गॅलेक्सी एस २५ प्लस १९० ग्रॅमचा, ७.३ मिलिमीटर जाड आणि ४९०० एमएएचचा, तर एस २५ एज १६३ ग्रॅमचा, ५.८ मिलिमीटर जाड आणि ३९०० एमएएचचा. दीड मिलिमीटर आणि सत्तावीस ग्रॅम वाचवण्यासाठी बॅटरीचा पाचवा हिस्सा आणि दूरचे टिपणारा कॅमेरा, दोन्ही सोडावे लागले. कॅफेत बसून काम करणाऱ्याला हा सौदा परवडेल, उन्हात बांधावर उभे राहणाऱ्याला नाही.

बांधणीच्या साहित्याचा प्रभाव किती मोठा असतो, हे ॲपलच्या फोनांत सर्वांत ठळक दिसते. आयफोन १४ प्रोची चौकट स्टेनलेस स्टीलची होती आणि वजन २०६ ग्रॅम. आयफोन १५ प्रोची चौकट टायटेनियमची झाली, वजन १८७ ग्रॅमवर आले, आणि गंमत म्हणजे फोन किंचित जाड झाला, ७.८५ ऐवजी ८.२५ मिलिमीटर. बॅटरी जवळपास तेवढीच राहिली. एका घन सेंटिमीटर पोलादाचे वजन सुमारे आठ ग्रॅम, टायटेनियमचे साडेचार आणि ॲल्युमिनियमचे पावणेतीनच्या आत, एवढे पाहिले की हे एकोणीस ग्रॅम कुठून सुटले ते कळते. पण हलकेपणा हा साहित्याचा एकच गुण झाला. टायटेनियम उष्णता फार मंद वाहून नेते, ॲल्युमिनियम ती झपाट्याने पसरवते, आणि २०२५ च्या आयफोन १७ प्रोमध्ये ॲपल पुन्हा ॲल्युमिनियमकडे वळले त्यामागे हेच मुख्य कारण होते. वनप्लस १३ ची चौकट ॲल्युमिनियमची आहे. मे महिन्यात गाडीच्या काचेमागे नकाशा लावून ठेवल्यावर फोन कडेला सगळीकडे सारखा कोमट लागतो, एका जागी चटका बसत नाही. हे मला 'टायटेनियम' असे नुसते अभिमानाने सांगता येण्यापेक्षा अधिक मोलाचे वाटते.

पाठीबाबतही असेच. याच फोनची काचेची पाठ असलेली आवृत्ती २१३ ग्रॅमची आणि ८.९ मिलिमीटर जाड आहे. तीन ग्रॅमचा फरक हाताला जाणवत नाही, पण चामड्यासारख्या पाठीची पकड जाणवते, विशेषतः घामेजल्या हातात. काच घसरते म्हणून तिच्यावर कव्हर चढते आणि कव्हर चढले की कंपनीने वाचवलेले सगळे ग्रॅम परत येतात. ओळखीच्या सराफाच्या काट्यावर मी एकदा फोन, कव्हर आणि पडद्यावर लावायची काच असे सगळे एकत्र तोलून घेतले (त्याने आधी भाव विचारला, मग तोलले). आकडा अडीचशेच्या पुढे गेला. त्या दिवसापासून कव्हर खणात आहे. माझ्या मते प्लॅस्टिकच्या पाठीला उगाच कमी लेखले जाते. २०२० साली भारतात आलेल्या गॅलेक्सी एम ५१ मध्ये ७००० एमएएचची बॅटरी होती, सिलिकॉनचे तंत्र नव्हते, पडदा ६.७ इंचांचा होता आणि तरीही वजन २१३ ग्रॅमच होते, कारण पाठ आणि चौकट प्लॅस्टिकची होती. जाडी साडेनऊ मिलिमीटर होती, पण तिच्याविषयी कुरकुर करणारा एम ५१ वापरकर्ता मला अजून भेटायचा आहे.

जाडी आणि वजन हाताला वेगवेगळ्या प्रकारे जाणवतात, ही बाब तांत्रिक माहितीच्या तक्त्यात सापडत नाही. आठ-साडेआठ मिलिमीटरची कड बोटांना धरायला सोपी जाते. फार पातळ फोनला बोटे अधिक आवळावी लागतात आणि थोड्या वेळाने तोच हलका फोन थकवू लागतो. वजनाचे म्हणाल तर ते किती आहे याइतकेच ते कुठे आहे, हेही महत्त्वाचे ठरते. या आकाराच्या सर्वच फोनांत कॅमेऱ्याचा गठ्ठा वरच्या टोकाला असतो आणि आपण फोन खालच्या अर्ध्यात धरतो, त्यामुळे वरचे टोक मनगटाला ओढ देते. आडवे पडून वाचताना करंगळीच्या आधारावर फोन टेकवण्याची सवय मला सोडावी लागली. आता उशीचा आधार घेतो किंवा दोन हात वापरतो. सदऱ्याच्या वरच्या खिशात तो ठेवला की खिसा लोंबतो आणि वाकल्यावर फोन बाहेर डोकावतो. पँटच्या खिशात ठेवून मोटारसायकलवर बसताना मात्र अडचण होत नाही. पावसाळ्यात आयपी ६८ आणि आयपी ६९ या धूळ-पाण्यापासूनच्या संरक्षणाच्या मानांकनांचा मोठा धीर होता. भर पावसात घराची मोजमापे घेताना फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळावा लागला नाही.

सडपातळ फोनांची हौस नवी नाही. २०१४ साली जिओनीने भारतात साडेपाच मिलिमीटरचा ईलाइफ एस ५.५ विकला, व्हिव्होचा एक्स ५ मॅक्स तर ४.७५ मिलिमीटरवर पोचला. त्याच जिओनीने पुढे ६०२० एमएएचचा मॅरेथॉन एम ५ आणला. आयफोन एअरच्या ५.६ मिलिमीटरचे कौतुक वाचताना मला ते दिवस आठवतात. तो हातात घेतल्यावर सुरेख वाटतो, यात शंका नाही.

मोठ्या बॅटरीचा एक फायदा खरेदीच्या वेळी दिसत नाही. बॅटरीचे आयुष्य चार्जिंगच्या पूर्ण आवर्तनांत मोजले जाते; एकूण शंभर टक्के बॅटरी वापरून झाली की एक आवर्तन. युरोपीय संघाने जून २०२५ पासून लागू केलेल्या नियमानुसार फोनच्या बॅटरीत ८०० आवर्तनांनंतरही मूळ क्षमतेच्या किमान ८० टक्के क्षमता उरली पाहिजे. रोज एक आवर्तन खाणारा पातळ फोन हा टप्पा सव्वादोन वर्षांत गाठेल, तर माझ्या वापरात दीड दिवसाला एक आवर्तन होत असल्याने मला तिथे पोचायला तीन वर्षांहून अधिक काळ लागेल. शिवाय लहान बॅटरी वीस टक्क्यांनी म्हातारी झाली की दुपारचा फोन सकाळीच संपतो, मोठी बॅटरी तेवढीच म्हातारी झाली तरी संध्याकाळ निभावते. लिथियम बॅटरीला उष्णता आणि सतत पूर्ण भरलेली अवस्था दोन्ही मानवत नाहीत, म्हणून रोजच्या वापरात मी चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय चालू ठेवली आहे. क्षमता मुळातच मोठी असल्यामुळे ते वीस टक्के सोडणे परवडते. पाहणीच्या आदल्या रात्री तेवढी मर्यादा काढतो. फोनसोबत मिळणारा १०० वॉटचा चार्जर मात्र घरीच जड विटेसारखा पडून असतो. रात्री चार्जिंग करायचे तर वेगाची घाई नसते आणि जुन्या मंद चार्जरने फोन तापतही नाही.

कोणी विचारलेच तर मी आज वनप्लस १३ ऐवजी १३ एस हातात घेऊन पाहायला सांगतो. बहिणीच्या फोनमध्ये विस्तीर्ण दृश्य टिपणारा कॅमेरा नाही आणि अरुंद खोलीत चारही भिंती एका चौकटीत घ्यायच्या असल्याने माझे त्यावाचून चालत नाही. ज्याला ती गरज नाही त्याने ते पंचवीस ग्रॅम उचलू नयेत.