म्हातारपणी आधार कुणाचा: मुलांचा की मित्रांचा?

ऑपरेशन झालं, रात्री उठवून बसवायची वेळ आली, की मुलंच लागतात. मित्रही सत्तरीचाच, त्याला ते झेपत नाही.

पण रोजच्या मनाचं काय? तिथे माझा कौल मित्रांना. मुलांच्या फोनवर 'गोळी घेतली का?' एवढंच येतं. मित्र जुनी भांडणं उकरून काढतो, पोटभर हसवतो. शिवाय मैत्रीत देणंघेणं बरोबरीचं. सतत घेणाऱ्याला आपण ओझं झालोय असं वाटू लागतं, आणि ते फार जिव्हारी लागतं.

२०१० मध्ये अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ज्युलिअ‍ॅन होल्ट-लुनस्टॅड आणि सहकाऱ्यांनी १४८ अभ्यास एकत्र तपासले. भक्कम नाती असलेल्यांची जगण्याची शक्यता सुमारे ५० टक्के जास्त दिसली.

मित्रांची अडचण एकच: समवयस्क एकेक करून जातात, नवी मैत्री जमायला वेळ लागतो. साठीतच सुरुवात केलेली बरी.